ओळखीचं कोणी भेटलं तर?

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना. तिच्या हेल्पलाइनचा फोन आम्ही आळीपाळीने सांभाळतो. माझी पाळी असली की फोन करणारा आधी जरा बिचकतो, कारण त्याला पुरुषाचा आवाज अपेक्षित असतो. मग अदबीने विचारतो, "मॅडम, तुमचे मिस्टर प्यायचे का?" मी सांगते, "नाही, मीच." त्यानंतर बोलणं सोपं जातं. पलीकडे बाई असेल तर फारच सोपं जातं. काही जणी तिथेच रडायला लागतात. पिणारी बाई जगात आपण एकटीच, अशी त्यांची पक्की समजूत असते.

प्रश्न बहुतेक ठरलेले. पैसे किती? नाव नोंदवावं लागतं का? सगळ्यांसमोर उभं राहून बोलायला लावतात का? "मी एका मित्रासाठी विचारतोय" म्हणणारे पुष्कळ असतात. त्या मित्राचे सकाळी हात कापतात, कामावर जाण्याआधी थोडी घेतल्याशिवाय सही नीट येत नाही, हे त्यांना इतकं बारकाईने माहीत असतं की आपण कोणाविषयी बोलतोय ते दोघांनाही कळलेलं असतं. मी मित्राचीच चौकशी चालू ठेवते. तेवढी सवलत माणसाला द्यावी.

आणि फोन ठेवता ठेवता, जणू आत्ताच सुचलं अशा सुरात, खरा प्रश्न येतो. "तिथे ओळखीचं कोणी भेटलं तर?"

याचं एक जुनं उत्तर आहे: मग तो काय तिथे फिरायला आलेला असेल का? ऐकणारा हसतो, पण भीती काही त्या हसण्याने जात नाही. गंमत बघा, पिताना कोणी बघितलं याची आपल्याला कधी इतकी धास्ती वाटलेली नसते. झोकांड्या खाताना दिसलो तर चालतं, लग्नात तमाशा केलेला चालतो. सोडायला गेलेलं मात्र कोणाला दिसायला नको! कारण तिथे दिसलो की गोष्ट खरी होते. तोवर 'जरा जास्त होते कधी कधी' एवढ्यावर भागत होतं.

तेव्हा आधी कोरडी माहिती. एएच्या मीटिंगला फी नसते, फॉर्म नसतो, हजेरी नसते. पहिलं नाव पुरतं, आणि ते तुम्ही खरं सांगितलंत का हे कोणी तपासत नाही. सभासद व्हायला एकच अट: पिणं थांबवण्याची इच्छा. 'थांबवलेलं असणं' ही अट नाही, आणि हा फरक फोनवर मला दरवेळी दोनदा सांगावा लागतो. मधे एक टोपली किंवा डबा फिरतो. ज्याला जमेल तो जागेच्या भाड्यापुरतं काहीतरी टाकतो, नव्याने नाही टाकलं तरी कोणी बघत नाही. बाहेरच्यांकडून देणग्या घेत नाहीत. सुरुवातीच्या काळात या मंडळींना पैशाचे मोठे डोहाळे लागले होते. १९३७-३८ मध्ये ती जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर या अमेरिकेतल्या धनाढ्य माणसाकडे गेली. त्यांनी पाच हजार डॉलर दिले आणि हात आखडता घेतला. पैशाने ही गोष्ट बिघडेल, असं त्यांचं मत होतं. तेव्हा मंडळी खट्टू झाली असणार. पुढे स्वतःच्या पायावर उभं राहणं हाच एएचा नियम झाला.

ॲनॉनिमस म्हणजे निनावी, आणि हा निनावीपणाही काही केवळ लाजेपोटी आलेला नाही. १८४० मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका दारूच्या गुत्त्यात बसलेल्या सहा जणांनी आपण पिणं सोडायचं ठरवलं आणि 'वॉशिंग्टोनियन' नावाची चळवळ उभी राहिली. दारूतून सुटलेले लोक व्यासपीठावरून आपल्या कहाण्या सांगू लागले, लाखो लोक आले, आणि काही वर्षांतच सगळं विरून गेलं. राजकारण शिरलं, दारूबंदीचे वाद शिरले. एएच्या लोकांनी हा धडा मनावर घेतला. १९५० मध्ये क्लीव्हलंडला त्यांनी ज्या बारा परंपरा, म्हणजे गटांनी कसं चालावं याचे नियम, स्वीकारल्या त्यांत बाहेरच्या कोणत्याही वादावर मत द्यायचं नाही, आणि वर्तमानपत्रांत वगैरे कोणी चळवळीचा चेहरा म्हणून मिरवायचं नाही, असं स्पष्ट आहे. आणि चेहरा झालेला माणूस उद्या पुन्हा प्यायला तर काय, हा प्रश्न आहेच.

मीटिंग शोधणं आता अवघड राहिलेलं नाही. एएची हेल्पलाइन असते, संकेतस्थळावर वार, वेळ, ठिकाण अशी यादी असते, व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या डॉक्टरांकडेही पत्ते असतात. फक्त जाण्याआधी एक फोन करावा. गट जागा बदलतात, यादी मागे राहते, आणि महत्प्रयासाने गोळा केलेलं धैर्य बंद दाराशी गेलं तर ते पुन्हा लवकर गोळा होत नाही. काही मीटिंग खुल्या असतात, तिथे नातेवाईक, विद्यार्थी, कोणीही येऊन बसू शकतं. बंद मीटिंग मात्र ज्यांना स्वतःला दारूचा प्रश्न आहे किंवा असावा अशी शंका आहे, त्यांच्यासाठीच. बिचकणाऱ्याने खुल्या मीटिंगपासून सुरुवात करावी आणि बरोबर कोणाला तरी न्यावं.

२०२० च्या महामारीत मीटिंग पडद्यावर आल्या आणि बऱ्याचशा तिथेच राहिल्या. लहान मूल असलेल्या बाईला, आजारी माणसाला, आसपास गट नसलेल्याला ही मोठीच सोय झाली. तरी ज्याला चालत जाता येतं त्याने जावं असं माझं मत आहे. पडद्यावर कॅमेरा बंद करून पिता येतं. मी हे अनुमानाने लिहिलेलं नाही, इतकंच सांगते.

एक गोष्ट मात्र मीटिंगच्याही आधीची आहे. जो रोज, भरपूर आणि अनेक वर्षं पितोय त्याने उद्यापासून एकदम बंद असं परस्पर ठरवू नये. आधी डॉक्टर गाठावा. शेवटच्या घोटानंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या सुमारास भास, बेभान अवस्था, प्रचंड घाम, ताप, असा प्रकार सुरू होऊ शकतो आणि त्यात माणूस दगावू शकतो. घरचे म्हणतात, "निश्चय केलाय तर होऊ दे." निश्चयाचा इथे संबंध नाही. दारूच्या दडपणाखाली राहायला सरावलेला मेंदू ते दडपण अचानक उठलं की अनावर होतो, आणि त्यावर औषधं आहेत. मीटिंगमधला कोणीही, कितीही वर्षं दारूपासून दूर असला तरी, यात डॉक्टर नाही. हे एएच्या स्वतःच्या साहित्यातही लिहिलेलं आहे. तरी एखादा स्पॉन्सर, म्हणजे नव्याला हाताशी धरणारा जुना सभासद, उत्साहाच्या भरात "त्या गोळ्यापण बंद कर, त्यापण नशाच" असं सांगताना आढळतो. अशा वेळी गोळ्या चालू ठेवाव्यात आणि स्पॉन्सर बदलावा.

आता आत जाऊ. बसायला खुर्च्या असतात आणि नवा माणूस दाराजवळची पकडतो. तिथून निघून जाता येतं, कोणी अडवत नाही. सुरुवातीला काहीतरी वाचलं जातं. मग एकेक जण नाव सांगून बोलतो, नावापुढे "मी अल्कोहोलिक आहे" असं जोडतो. नव्याने नुसतं नाव सांगितलं तरी चालतं, किंवा "आज फक्त ऐकतो" म्हटलं तरी चालतं. तासाभराचा मामला. शेवटी प्रार्थना.

या तासातली मला सर्वांत विलक्षण वाटलेली गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात ठळक छापलेली नसते. कोणी बोललं की त्याला कोणी उत्तर देत नाही. "असं करायचं नाहीस", "माझं ऐक", "पोरांकडे बघ जरा" यातलं काही नाही. तो थांबतो, लोक "थँक यू" म्हणतात, पुढचा बोलायला लागतो.

पिणाऱ्या माणसाला आयुष्यात सल्ल्याचा तुटवडा कधीच पडलेला नसतो. बायको देते, नवरा देतो, भाऊ देतो, साहेब देतात, डॉक्टर देतात, शेजारच्या गल्लीतला माणूस देतो. इतकंच काय, समोर बसून पिणारा मित्रही तिसऱ्या पेगला "तू आता कमी कर" असं सांगतो. या सगळ्यांना द्यायची उत्तरं आपल्याकडे तयार असतात. वादात पिणाऱ्याचा हात धरणारा कोणी नाही. वर्षानुवर्षं तालीम झालेली असते. आणि इथे, ज्या ठिकाणी तो सगळ्यात मोठ्या वादाची तयारी करून आलेला असतो, तिथे समोर कोणीच उभं नसतं. मला त्या पहिल्या मीटिंगमध्ये चक्क फसवल्यासारखं झालं होतं. एवढी तयारी वाया गेली!

मीटिंगमध्ये ऐकलेलं मीटिंगमध्ये ठेवायचं असतं, म्हणून तिथे कोण काय म्हणालं ते इथे येणार नाही. माझ्या बाजूचं सांगते. कुठे जेवायला जायचं असलं की आधी घरी पिऊन जायचं, म्हणजे चारचौघांत एकाच ग्लासावर थांबता येतं, ही माझी युक्ती होती. तिच्यावर माझा स्वामित्वहक्क आहे असा माझा समज होता. वयाने, शिक्षणाने, कशानेही माझ्याशी न जुळणाऱ्या एका माणसाने माझीच युक्ती जवळजवळ माझ्याच शब्दांत सांगितली आणि खोली हसली. आधी मला त्या हसण्याचा राग आला. इतकी वर्षं एकटीने वाहिलेली गोष्ट, आणि हे लोक हसतायत? मग लक्षात आलं की मीही हसतेय.

हे असं का होतं याचं उत्तर मला एएच्या उगमाच्या गोष्टीत सापडलं. तिच्यात मोठेपणा फारसा नाही. मे १९३५. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस ओहायोतल्या ॲक्रन गावी एका कंपनीच्या भानगडीत हरून बसलेला. पिणं सुटून पाच महिने झालेले. मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत तो उभा आहे. खिशात जेमतेम पैसे, आणि बारमधून हसण्याबोलण्याचे आवाज येतायत. आत जावं, ओळखी होतील, असं मनात येतं. न्यूयॉर्कला त्याने महिनोन्महिने दारुड्यांना गाठून उपदेश केला होता. त्यातला एकही सुटला नव्हता. पण त्या खटाटोपात तो स्वतः प्यायला नव्हता. लॉबीत त्याला हे आठवलं आणि त्याने चर्चच्या लोकांना फोन लावायला सुरुवात केली. हेन्रिएटा सायबरलिंग नावाच्या बाईंपर्यंत फोन पोहोचला आणि दुसऱ्या दिवशी, १२ मेला, त्यांच्या घरी त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी पडली.

डॉ. बॉब पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले होते. बायकोच्या आग्रहाखातर, आदल्या दिवशीची उतरत असताना. उठले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. डॉक्टरच ते, दारूबद्दल वाचायचं काही त्यांनी सोडलं नव्हतं, देवाधर्माची मदतही घेऊन पाहिली होती. पण स्वतःच्या अनुभवातून बोलणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. बिलनेही या वेळी उपदेश केला नाही. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. सिल्कवर्थ यांनी त्याला बजावलं होतं की प्रवचन आवर, आधी दुखण्याबद्दल बोल. आणि मुख्य म्हणजे तो डॉ. बॉबना वाचवायला आलाच नव्हता. त्याला स्वतःला त्या रविवारी प्यायचं नव्हतं. त्यासाठी एक दुसरा पिणारा हवा होता.

मला हा उलटा हिशेब फार महत्त्वाचा वाटतो. नवा माणूस मीटिंगला येतो तो ओशाळलेला. आपण लोकांचा वेळ खातोय, फुकटची मदत घेतोय, अशा चेहऱ्याने. खोलीतल्या जुन्यांना मात्र तो हवा असतो, आणि भूतदयेपोटी हवा असतो असंही नाही. मी सोडून बराच काळ लोटला की माझ्या आठवणीत पिण्याच्या काळाला एक सोनेरी कड यायला लागते. शुक्रवारची संध्याकाळ आठवते, शनिवारची सकाळ आठवत नाही. मग हात कापत असलेला कोणी दाराजवळच्या खुर्चीत येऊन बसतो आणि शनिवारची सकाळ खोलीत हजर होते. त्याने एक शब्द बोलायची गरज नसते.

त्या गोष्टीचा पुढचा भाग लोक घाईने सांगतात. डॉ. बॉब त्या भेटीनंतर काही दिवस पिण्यापासून दूर राहिले, मग वैद्यकीय परिषदेसाठी अटलांटिक सिटीला गेले आणि तिथे भरपूर प्यायले. परत आल्यावर त्यांना शस्त्रक्रिया करायची होती. हात स्थिर राहावा म्हणून बिलनेच त्यांना बियर दिली. ती त्यांची शेवटची. तो दिवस १० जून १९३५ धरतात आणि तोच एएचा स्थापनादिन मानतात. म्हणजे स्थापनेच्या कथेतच एक स्लिप आहे, सोडल्यावर पुन्हा पिणं आहे, आणि स्लिप झाल्यावर मीटिंगला तोंड कसं दाखवू असं विचारणाऱ्याला मी ती सांगते. परत येणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. काही गटांत न पिण्याच्या पहिल्या दिवसाची खूण म्हणून मिळणारं नाणं पुन्हा देतात, टाळ्या वाजतात. टाळ्यांचं मला अजूनही थोडं अवघडल्यासारखं होतं, पण ते माझं झालं.

देवाचा प्रश्न राहिला. एएचा कार्यक्रम ज्या बारा पायऱ्यांचा आहे त्यांत देव आहे, वारंवार आहे, आणि त्याच्यापुढे 'आम्हाला तो जसा उमजला तसा' अशी पुस्तीही आहे. सुरुवातीच्या लोकांतल्या न मानणाऱ्यांनी भांडून मिळवलेली ती सवलत. कोणी 'उच्च शक्ती' म्हणतं, कोणी गटालाच ती शक्ती मानतं. मी स्वतः या बाबतीत कच्ची आहे. प्रार्थनेला उभी राहते, ओठ कधी हलतात, कधी नाही. ज्यांना हे अजिबात पटत नाही त्यांना मी ओढत नाही. १९९४ पासून स्मार्ट रिकव्हरी ही दुसरी संघटना आहे, तिथे देव नाही, विचार आणि सवयी तपासण्याची साधनं आहेत. जीन कर्कपॅट्रिक यांनी १९७० च्या दशकात सुरू केलेलं विमेन फॉर सोब्रायटी आहे, लाइफरिंग आहे. ज्या खोलीत तुम्ही पुन्हा जाल ती खोली बरोबर.

"याने खरंच होतं का?" असं विचारणारे इंजिनिअर लोकही फोन करतात. कोक्रेन या पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २००६ मध्ये ठाम पुरावा नाही असं म्हटलं होतं. २०२० मध्ये २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक लोकांचा लेखाजोखा घेऊन त्यांनी नवा आढावा काढला. पूर्णपणे दूर राहण्याच्या बाबतीत, एए आणि लोकांना पद्धतशीरपणे एएशी जोडणारे उपचार हे इतर मानसोपचारांपेक्षा सरस ठरले, बाकी बाबतींत साधारण बरोबरीचे. त्या आढाव्याचे एक लेखक जॉन केली यांनी हे कशामुळे घडतं याचाही बराच शोध घेतला आहे. सर्वांत जास्त वजन निघालं ते माणसं बदलण्याला. पिणाऱ्यांची सोबत घटते, न पिणाऱ्यांची वाढते. मला यात नवल वाटलं नाही.

आता तक्रारी. काही जण आपलं सांगायला उभे राहिले की घड्याळ थांबतं. किती बाटल्या रिचवल्या याची बढाई दारू सोडल्यावरही चालूच असते, फक्त शेवट धार्मिक होतो. काहींना न पिता काढलेल्या वर्षांचा ताठा चढतो. आणि नव्या, हळव्या अवस्थेतल्या बाईशी सलगी करणारा जुना माणूस बऱ्याच ठिकाणी असतो. या प्रकाराला आमच्यात 'तेरावी पायरी' असं नाव पडलंय, यावरूनच तो किती जुना आहे ते कळावं. नाव विनोदी आहे, प्रकार नाही. बाईने स्पॉन्सर बाईच करावी, शक्य असेल तर बायकांची मीटिंग शोधावी, आणि खटकलं तर गट बदलताना संकोच करू नये. पहिला गट आवडला नाही म्हणून सगळं सोडणारे मला फार भेटतात. गटागणिक हवा वेगळी असते. चार-पाच ठिकाणी बसून बघावं.

घरच्यांच्या फोनबद्दल थोडं. "त्यांना पाठवते, तुम्ही समजवा" असं सांगणाऱ्या ताईला मी समजवायचं कबूल करत नाही, कारण समजवून झालेलं असतं. तिला मी ॲल-ॲनॉनचा नंबर देते. ती पिणाऱ्यांच्या नातेवाइकांची संघटना, १९५१ मध्ये बिलच्या पत्नी लोइस विल्सन यांनी सुरू केलेली. पिणारा माणूस बदलो न बदलो, त्याच्याभोवती फिरून दमलेल्यांना तिथे बसायला जागा आहे. बऱ्याच जणी आधी रागावतात. पितो तो आणि मीटिंगला मी जाऊ?

आत येऊन गेलेल्याला एकच सांगते: प्रार्थना संपली की पळू नका. नंतरची दहा मिनिटं, दारात उभ्याउभ्या चाललेली, ती मला तासाइतकीच मोलाची वाटतात. नंबर तिथे मिळतात. आणि पहिला फोन एखाद्या बऱ्या दिवशी करून ठेवावा. वाईट दिवशी, समोर पेग असताना, अनोळखी माणसाला पहिल्यांदा फोन लावणं कोणालाच जमत नाही. काय बोलायचं? "नंबर बरोबर आहे का बघत होतो" एवढं पुरतं. आम्हाला समजतं.

असं काही आठवडे आलं की कोणीतरी नव्याला सहज विचारतं, पुढच्या वेळी जरा लवकर येशील का, खुर्च्या मांडायला. त्याला वाटतं, किरकोळ काम दिलं. पण त्या दिवसापासून हॉलची किल्ली त्याच्या खिशात असते. यायचा कंटाळा आला, पाऊस आला, साहेबांनी झापलं, तरी त्याला यावं लागतं, नाहीतर बाकीचे बाहेर राहतील. एकदा आमचा किल्लीवाला आलाच नाही. आम्ही जिन्यात, पायऱ्यांवर बसून मीटिंग घेतली, वरच्या मजल्यावरचे लोक ये-जा करताना आम्ही बाजूला सरकत होतो. पुढच्या वेळी तो आला तो मान खाली घालून, किल्ली परत करायला. कुठे होतास हे कोणी विचारलं नाही. किल्ली मात्र कोणी परत घेतली नाही.